गाडीचे इंजिन कसे सुरू करावे, आणि रायगडच्या किनाऱ्यावर ते कधी सुरू करू नये?

कारचे इंजिन सुरू करायला आज एक चावी फिरवावी लागते किंवा एक बटण दाबावे लागते. त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल. पण इंजिन चालू होतानाची ती एक-दोन सेकंदे यंत्राच्या दृष्टीने सर्वांत खडतर असतात. खाली चेंबरमध्ये बसलेले तेल अजून वर चढलेले नसते. बॅटरीवरचा सर्वांत मोठा भार याच वेळी पडतो. आणि सिलिंडरमध्ये शिरू नये असे काही, मुख्यतः पाणी, शिरले असेल तर त्याचा फटकाही याच क्षणी बसतो.

मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन करत हरिहरेश्वरपर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्यापेक्षा थोडे वेगळे येते. परदेशी माहितीपुस्तिकांमध्ये थंडीत गाडी कशी सुरू करावी यावर पानेच्या पाने असतात. इथे त्या पानांचा काही उपयोग नाही. इथले शत्रू तीन : खारी हवा, आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहणारी गाडी, आणि पाणी. पहिल्या दोघांमुळे गाडी सुरू होत नाही. तिसऱ्याच्या बाबतीत ती सुरू करण्याचा प्रयत्न करणे हीच सर्वांत महाग चूक ठरते.

चावी फिरवल्यावर आत काय होते

चावीच्या खाचेला साधारण चार टप्पे असतात : लॉक, ॲक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट. ‘ऑन’वर चावी आली की डॅशबोर्डवरचे दिवे उजळतात, टाकीतला पेट्रोलपंप एक-दोन सेकंद चालून नळीत दाब तयार करतो आणि इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, चावीतली चिप ओळखीची आहे का ते तपासतो. शांत जागी उभे असताना मागच्या सीटखालून बारीक ‘झूंऽ’ असा आवाज येतो, तो या पंपाचा.

‘स्टार्ट’वर चावी नेली की स्टार्टर मोटरचे छोटे दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिनाला मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे देते. यालाच बोलीत ‘सेल मारणे’ म्हणतात. ईसीयू योग्य क्षणी इंधन फवारतो, ठिणगी पडते, इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागते. त्या क्षणी चावी सोडायची. छोट्या पेट्रोल गाडीतही सेल मारताना बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह वाहतो, डिझेलला त्याहून जास्त. एवढा प्रवाह घेणारी मोटर काही सेकंदांपुरतीच बनवलेली असते; ती मिनिटभर सलग फिरवली तर तिची गुंडाळी जळते.

नेहमीच्या दिवशी करायची कृती

दार उघडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. गावात उभ्या गाडीच्या सावलीला कुत्रे किंवा कोंबड्या बसलेल्या असतात, आणि कधी खेळणारे मूलही. पावसाळ्यात बॉनेटवर दोन थापा माराव्यात, कारण इंजिनाच्या उबेला मांजर आत शिरून बसते. खाली जमिनीवर तेलाचा किंवा हिरव्या-गुलाबी कूलंटचा डाग पडला आहे का, हेही याच फेरीत दिसते.

आत बसल्यावर हँडब्रेक ओढलेला आहे आणि गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करावी. क्लच पूर्ण दाबावा. न्यूट्रल असले तरीही. त्यामुळे स्टार्टरवरचा गिअरबॉक्सचा भार कमी होतो, आणि चुकून गिअर पडलेला असला तरी गाडी उसळत नाही. चावी ‘ऑन’वर आणून दोन-तीन सेकंद थांबावे. डिझेल गाडीत पिवळ्या वेटोळ्याचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचे असते. कोकणातल्या हवेत तो बहुधा लगेच विझतो. मग सेल मारावा. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. किती इंधन द्यायचे हे आता पाय ठरवत नाही, ईसीयू ठरवतो.

इंजिन पाच ते दहा सेकंदांत पकडले नाही तर चावी सोडून किमान अर्धा मिनीट थांबावे, म्हणजे स्टार्टर निवतो आणि बॅटरी थोडी सावरते. असे तीन प्रयत्न फसले तर चौथ्या प्रयत्नाऐवजी कारण शोधावे. वारंवार सेल मारल्याने पेट्रोल जास्त झाले असेल, आत त्याचा वास येत असेल, तर बहुतेक इंजेक्शन गाड्यांत एक युक्ती चालते : ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून सेल मारला की ईसीयू इंधन बंद करतो आणि नुसती हवा फिरून सिलिंडर कोरडे होतात. पाय लावू नये या नियमाला हा एकच अपवाद.

इंजिन सुरू झाल्यावर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा तीन-चार सेकंदांत विझायला हवा. विझला नाही तर तत्काळ इंजिन बंद करावे. दिव्याकडे दुर्लक्ष करून गॅरेजपर्यंत नेऊ म्हणणाऱ्याला नंतर बिघडलेल्या सेन्सरचे नव्हे, घासलेल्या बेअरिंगांचे बिल भरावे लागू शकते.

बटणाच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून बटण दाबायचे असते. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’वर. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकचे पेडल कधी दगडासारखे कडक लागते आणि बटण दाबूनही काही होत नाही. तो बिघाड नसतो. ब्रेकच्या बूस्टरमधला व्हॅक्यूम गेलेला असतो. पेडल आणखी जोर लावून दाबले की काम होते. रिमोटचा सेल संपला असेल तर बहुतेक गाड्यांत रिमोट बटणालाच टेकवून ते दाबता येते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. चावीच फिरत नसेल तर ती पिळू नये, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत फिरवावी. स्टिअरिंगचे कुलूप अडकलेले असते, दुसरे काही नाही.

सीएनजी गाड्यांचा एक मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि इंजिन थोडे तापले की गॅसवर जातात. पैसे वाचवायला पेट्रोलची टाकी कायम कोरडी ठेवणाऱ्यांची गाडी मग एखाद्या सकाळी नुसतीच घरघरत राहते, सिलिंडर गॅसने भरलेला असूनसुद्धा.

‘पाच मिनिटे गरम होऊ दे’ हे आले कुठून

घरातल्या जुन्या माणसांची ही सूचना चुकीची नव्हती. ती वेगळ्या यंत्रासाठी होती. सुरुवातीच्या मोटारींना पुढून लोखंडी हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडत असे, म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा त्या काळचा पहिला धडा. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकने १९१२ च्या गाड्यांत बसवला आणि हँडल हळूहळू हद्दपार झाले.

त्यानंतरही कार्ब्युरेटर राहिला. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, किंवा १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० घ्या. या गाड्यांत थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नसे. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, ॲक्सिलरेटर एक-दोनदा दाबून जादा पेट्रोल आत ढकलायचे, इंजिन पकडले की चोक हळूहळू आत सारायचा आणि आवाज एकसारखा होईपर्यंत थांबायचे. घाईने निघाले तर गाडी नाक्यावर बंद पडे. २००० च्या सुमारास देशात उत्सर्जनाचे निकष कडक झाले तसे कार्ब्युरेटर मागे पडले आणि इंजेक्शन आले. आता तापमानाचा सेन्सर ईसीयूला इंजिन किती थंड आहे ते सांगतो आणि चोकचे काम आपोआप होते.

अलिबागला हिवाळ्यातली पहाटही बहुधा पंधरा अंशांच्या आसपासच असते. आजचे पातळ तेल अशा हवेत काही सेकंदांत सगळीकडे पोचते. पट्टा लावून आरसे पाहीपर्यंत पंधरा-वीस सेकंद जातात, तेवढे पुरेत. मग पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न वाढवता चालवावे. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर आणि समान तापते. टर्बो असलेल्या गाडीत हे विशेष पाळावे. जागच्या जागी दहा मिनिटे गाडी फुरफुरत ठेवली तर इंधन जाते, आणि पूर्ण न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेल पातळ करते.

यात कायद्याचाही एक भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी गाडी उभी असताना परवानाधारक चालक आपल्या आसनावर नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे. गाडी ‘गरम’ करायला ठेवून समोरच्या टपरीवर चहा प्यायला जाणे त्यात बसत नाही.

बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे तर जिवावरचे आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके जड होते आणि माणूस तिथेच झोपी जातो. पावसाच्या झडी आत येतात म्हणून शटर अर्धे ओढून गाडी सुरू करण्याची सवय या कारणासाठी मोडायला हवी. आधी शटर पूर्ण वर, मग चावी.

उभी गाडी आणि खारी हवा

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा एक मोठा वर्ग शनिवार-रविवारचा आहे. मालक मुंबई-पुण्याला आणि गाडी किहीम, आक्षी-नागाव किंवा मुरूडच्या बंगल्यात. मार्च २०२० ची टाळेबंदी आणि पाठोपाठ ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेले निसर्ग चक्रीवादळ या दोन्ही गोष्टींनी उभ्या गाडीचे काय होते हे सगळ्यांना एकदमच दाखवले. महिनोन्‌महिने चावी न लागलेल्या गाड्या, आणि बॅटरी चार्ज करायला कित्येक गावांत वीजच नाही.

हिशेब साधा आहे. बंद करून कुलूप लावलेली गाडीही झोपत नाही. अलार्म, घड्याळ, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, ईसीयूची स्मृती मिळून वीस ते पन्नास मिलिअँपिअर प्रवाह सतत खात असतात. पन्नास मिलिअँपिअर धरले तर तीस दिवसांत छत्तीस अँपिअर-तास होतात. छोट्या कारची बॅटरीच पस्तीस अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे महिनाभरात ती कोरडी; आणि सेल मारण्याइतका जोर त्याच्या बराच आधी जातो. उकाड्यात बॅटरी आतल्या आत उतरण्याचा वेगही वाढतो.

यावर उपाय म्हणून बंगल्याच्या राखणदाराला ‘रोज पाच मिनिटे गाडी चालू कर’ असे सांगितले जाते. ती मालकाच्या मनाची समजूत. पाच मिनिटांच्या फुरफुरण्यात बॅटरी भरत नाही, आणि दुसरेच नुकसान होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. इंजिन पुरते तापले तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत बंद केले तर ती सायलेन्सरमध्ये आणि तेलात थिजते. आठवड्या-दहा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून वीस-पंचवीस मिनिटे चालवणे हे खरे काम. अलिबागहून रेवदंड्यापर्यंत जाऊन आले तरी पुष्कळ.

ते जमणार नसेल तर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावे. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. मात्र त्यानंतर रिमोटने दार उघडत नाही, म्हणून रिमोटच्या आत दडलेली साधी चावी कुठे लागते ते आधी पाहून ठेवावे. काही गाड्यांत रेडिओचा कोडही पुन्हा द्यावा लागतो. टाकी शक्य तितकी भरलेली ठेवावी, कारण पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि रिकाम्या टाकीत ओली हवा जास्त मावते. हँडब्रेक ओढून महिनाभर गाडी ठेवू नये. दमट हवेत ब्रेक गंजून चिकटतात आणि इंजिन सुरू झाले तरी चाक फिरत नाही. सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड किंवा लाकडी पाचर लावून गाडी ठेवावी, आणि पुढच्या वेळी सेल मारण्याआधी ती गिअरमध्ये आहे हे विसरू नये.

खाऱ्या हवेचे काम सावकाश चालते. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा धरतो आणि तो वीज अडवतो. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही याचे एक कारण हेच. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह टर्मिनल काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ते धुवावे, कोरडे करून आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. याहून जास्त फसवणारी जागा म्हणजे अर्थची पट्टी, बॅटरीपासून आणि इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. तिच्या बोल्टाखाली गंज चढतो तो वरून दिसत नाही. नवी बॅटरी टाकूनही त्रास संपला नाही तर ऑटो-इलेक्ट्रिशियनला आधी ही पट्टी पाहायला सांगावे.

पावसाळ्यानंतर चावी लावण्याआधी बॉनेट उघडणे सक्तीचे समजावे. भाताची शेते आणि नारळ-पोफळीच्या वाड्या यांच्यामध्ये उभी राहिलेली गाडी उंदरांना फार आवडते. ते वायरी कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. कुरतडलेल्या वायरीवर सेल मारला तर फ्यूज उडेल, नाहीतर आग लागेल. साप निघाला तर हात न घालता सर्पमित्राला बोलवावे.

आवाजावरून निदान

गाडी सुरू होत नाही तेव्हा ती आवाजाने बरेच सांगत असते. सेल मारल्यावर ‘टक्‌टक्‌टक्‌टक्’ अशी भराभर टिकटिक झाली आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जोराचा ‘टक्’ आणि पुढे काही नाही, दिवे मात्र लख्ख, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या जोडणीवर. ‘घर्रऽ… घर्रऽ’ असा दमलेला आवाज म्हणजे बॅटरी शेवटच्या घटका मोजते आहे. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते पण पकडत नाही, तर बॅटरी ठीक. इंधन किंवा ठिणगी पोचत नाही, नाहीतर ईसीयूने चावी ओळखलेली नाही. शेवटच्या प्रकारात डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो. दुसरी चावी घरात असेल तर तिने पाहावे.

साधा मल्टिमीटर ठेवला तर अंदाजपंचे करावे लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. दिसत नसतील तर बॅटरी बदलून उपयोग नाही, अल्टरनेटर तपासावा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या असाव्यात आणि गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडू नये म्हणून ही खबरदारी. चांगली गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग बंद गाडीचा सेल मारावा. काढताना क्रम नेमका उलटा.

धक्का मारून सुरू करणे फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीत चालते : चावी ‘ऑन’, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन पकडताच पुन्हा दाबायचा. ऑटोमॅटिकला किती माणसांनी ढकलले तरी इंजिन फिरत नाही. बॅटरी इतकी उतरली असेल की डॅशबोर्डचे दिवेही लागत नाहीत, तर पंप आणि ईसीयूही मेलेले असतात. मग धक्क्याची मेहनत वाया जाते.

जेट्टीवर

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईची गाडी पेण-वडखळचा वळसा न घालता सुमारे तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरते. बोटीत चढल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि गिअर टाकलेला, ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’. उतरताना रॅम्प खाली जाऊन आपल्या रांगेला इशारा मिळेपर्यंत सेल मारू नये. बंदिस्त डेकवर वीस गाड्या एकदम धूर ओकू लागल्या की श्वास घेणे कठीण होते. बॅटरी जुनी असेल तर तासभर गाणी आणि पंखा लावून बसू नये. तिथे बंद पडलेली गाडी आपल्याबरोबर मागची अख्खी रांग अडवते. आगरदांडा–दिघी आणि बागमांडला–वेश्वी इथल्या छोट्या उघड्या फेरीबोटींवर अंतर थोडे असते, पण इंजिन बंद आणि ब्रेक पक्का हा नियम तिथेही तोच.

पाणी शिरले असेल तर चावी लावू नये

पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. एवढ्या एका गोष्टीवर इंजिन वाचणे किंवा मोडणे अवलंबून असते. बाराशे सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घेतले तर एका सिलिंडरच्या वाट्याला तीनशे सीसी येतात. कॉम्प्रेशन ११ ला १ असेल तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा फक्त तीस मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे टोपण दहा मिलिलिटरचे धरले तर अशी तीन टोपणे पाणी पिस्टनला अडवायला पुरते. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे जागा आणखी कमी : साडेबाराशे सीसीच्या इंजिनात जेमतेम दोन टोपणे. वर जाणारा पिस्टन या पाण्यावर आदळतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात.

बंद इंजिनात शिरलेले पाणी स्वतःहून काही मोडत नाही. वेळेत काढले तर इंजिन बहुतेक वेळा वाचते. मोडतो तो सेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हा धडा मुंबई आणि रायगड दोघांनाही मिळाला होता. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तोच पुन्हा समोर आला. पाणी ओसरले, चिखल राहिला, आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या मालकांपुढे पहिला मोह एकच : चालू होते का बघू.

ते बघायचे नाही. चावी ‘ऑन’वरही आणायची नाही, कारण ओल्या वायरिंगमध्ये वीज गेली की ईसीयू जळू शकतो. काचेवर, दारावर पाण्याची रेघ कुठवर आली त्याचे फोटो आधी काढावेत. हात पोचत असेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडावे. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून उंचावर घ्यावी आणि सपाट ट्रकवर घालून गॅरेजात न्यावी. धक्का स्टार्ट तर अजिबात नाही, कारण त्यानेही पिस्टन तसाच आदळतो. डिपस्टिक काढून पाहिली आणि तेल चहासारखे दुधाळ दिसले, किंवा एअर फिल्टर ओला निघाला, तर पाणी आत पोचले आहे हे नक्की. मेकॅनिक मग पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवतो, म्हणजे पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. तेल आणि फिल्टर बदलून, थोडे चालवून, पुन्हा बदलतात. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी बुडाली असेल तर तिच्या नारिंगी रंगाच्या केबलना कुणीही हात लावू नये.

चालती गाडी पाण्यात बंद पडली तरी हेच. हवा आत घेण्याचे तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या मागे असते, म्हणजे पाणी बॉनेटपर्यंत यायचीही गरज नाही. रस्त्यावरचे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले तर थांबावे. त्याहून कमी असले तरी समोरून येणारी एसटी जी लाट उसळवते ती थेट जाळीतून आत जाते. अशा वेळी इंजिन गचकले की ते पाण्यामुळेच गचकले असे धरून चालावे.

किनाऱ्यावर याला समुद्राची भर पडते. पुळणीवर गाडी नेऊ नये, आणि बहुतेक ठिकाणी त्याला बंदीच असते. तरी दर मोसमात वाळूत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात. ओहोटीला कडक वाटणारी ओली वाळू भरतीबरोबर भुसभुशीत होते, रेस दिली की चाक आणखी खोल जाते. कोळीवाड्यांतला जुना हिशेब इथे उपयोगी आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरपर्यंत किंवा त्याहून अधिक जातो. लाटा दाराच्या उंबऱ्याला लागल्या की गाडी विसरून माणसे बाहेर काढावीत. खारे पाणी लागलेली गाडी वाळेपर्यंत ठेवायची नसते. ती त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन मेकॅनिककडे जायला हवी, कारण मीठ वाळले की जोडण्या काही दिवसांत हिरव्या पडतात.

विम्याचा भाग याच चावीशी जोडलेला आहे. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीत पूर आणि चक्रीवादळ ही कारणे धरलेली असतात. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातले काहीच मिळत नाही. पण त्याच पॉलिसीत ‘परिणामी नुकसान’ आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. पुरात भिजलेल्या सीट, वायरिंग, साफसफाई यांचा दावा मान्य होतो आणि वाकलेल्या कनेक्टिंग रॉडवर वाद उभा राहतो : हे पुराने केले की पुरानंतर मारलेल्या सेलने? इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसी घेतली असेल तर इंजिनही त्यात येते, पण तिच्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात. त्या मे महिन्यात वाचाव्यात. दावा करताना सर्व्हेअर गाडी पाहीपर्यंत ती उघडू नये, आणि गॅरेजात आणताना कुणी सेल मारला नाही, हे गाडी ओढून आणल्याच्या पावतीवरून दाखवता आले तर बोलणे बरेच सोपे जाते.